ध्रुवीय हिवाळी स्थितांबरातील नायट्रोजन रसायन

ध्रुवीय रात्रीत स्थितांबरातील सक्रिय नायट्रोजन संयुगे निष्क्रिय होण्याची प्रक्रिया. त्यांचा मूळ स्रोत जमिनीवरचा आहे : मातीतील जिवाणू नायट्रस ऑक्साइड सोडतात. शेतात टाकलेल्या युरियाचाही त्यात अल्पसा वाटा असतो. हा वायू शंभरावर वर्षे टिकून वर पोहोचतो व तेथे त्याच्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनते. अंधारात नायट्रोजन डायऑक्साइडचे डायनायट्रोजन पेंटॉक्साइड होते आणि कणांवरील पाण्याशी संयोग होऊन नायट्रिक आम्ल तयार होते. तापमान सुमारे −७८° से.खाली गेल्यावर हे आम्ल ध्रुवीय ढगांच्या कणांत गोठते. मोठे कण खाली उतरतात व नायट्रोजन त्या थरातून कायमचा जातो. खरी मेख इथेच आहे. वसंतात सूर्य उगवल्यावर क्लोरीनला बांधून ठेवणारा नायट्रोजन डायऑक्साइड उरत नाही आणि मोकळा क्लोरीन ओझोन नष्ट करत राहतो. अंटार्क्टिकावरील ओझोन-विवर १९८५ मध्ये जाहीर झाले. उत्तर ध्रुवावर हिवाळा तुलनेने उबदार असल्याने हा ऱ्हास सहसा सौम्य राहतो. अंटार्क्टिकावरील भारताच्या मैत्री तळावरून (१९८९) हवामानशास्त्र विभाग फुग्यांद्वारे ओझोन मोजतो. तेथील भारतीय मोहिमांचे नियोजन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे.