आकाशांतला वाटाड्या



आमचें उंब्रज गांव पुणें-बंगळूर हमरस्त्यावर, तारळी नदी कृष्णेस मिळते तेथें वसलेलें आहे. पश्चिमेस चाफळचा फाटा, पूर्वेस मसूरची वाट, दक्षिणेस कऱ्हाड. त्यामुळें वाट विचारणाऱ्यांची येथें पिढ्यान्‌पिढ्या वर्दळ असे, आणि फाट्यावरच्या चहावाल्याचा निम्मा दिवस "चाफळ किती लांब?" या एकाच प्रश्नाला उत्तर देण्यांत जाई. हा प्रश्न विचारणारा प्रवासी आतां दुर्मिळ झाला आहे. त्याची मोटारच त्याला उजवें-डावें सांगते. ही बोलकी वाट कोठून आली आणि ती कोणाच्या हातांत आहे, हा आजच्या भाषणाचा विषय.

या विषयाकडे मी वळलों तो एका घरगुती वादामुळें. माझ्या पुतण्याला मोटार घ्यावयाची होती, आणि ज्या गाडींत दिग्दर्शक यंत्र मुळापासूनच बसविलेलें आहे तीच घ्यावी असा त्याचा हट्ट होता. कारण काय, तर त्याला एका खेळाचा नाद लागला आहे. त्या खेळाला 'जिओकॅशिंग' म्हणतात. कोणी एक मनुष्य रानांत, पुलाजवळ किंवा टेकडीच्या उतारावर एक लहानसा डबा लपवितो. त्यांत एक वही असते. मग तो त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसऱ्यांनीं ते आंकडे यंत्रांत घालून जागा गांठावयाची, डबा शोधावयाचा, वहींत नांव व तारीख लिहावयाची आणि डबा होता तसा ठेवून परत यावयाचें. बक्षीस कांहीं नाहीं. मुलगा तिशीचा, कमावता. तो डबा शोधीत हिंडतो हें ऐकून घरांतील वडीलधाऱ्यांस हसूं आलें. मला आलें नाहीं. ज्यानें चाळीस वर्षें मुलांकडून अक्षांश-रेखांश पाठ करून घेतले आणि त्यांचा उपयोग काय हें एकाही मुलास धड पटवितां आलें नाहीं, त्याला हा खेळ पोरकट वाटणें शक्य नव्हतें.

खेळाचें मूळ वाटतें त्याहून जुनें आहे. इंग्लंडांत डार्टमूर नांवाचें ओसाड माळरान आहे. तेथें १८५४ सालीं जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागीं एक बाटली ठेविली. जो तेथवर चालत जाईल त्यानें आपलें नांवाचें कार्ड तींत टाकावें, अशी चाल पडली. आजचा खेळ मात्र ३ मे २००० या दिवशीं जन्मला, आणि त्याला तसेंच कारण घडलें. त्याच्या एक-दोन दिवस आधींपर्यंत अमेरिकेचें सरकार आपल्या उपग्रहांच्या नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळें सामान्य माणसाच्या यंत्रांत शंभर मीटरांपर्यंत फरक पडे. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें ती चूक घालणें बंद झालें आणि जगांतील सर्व यंत्रें एका रात्रींत दहापटीनें शहाणीं झालीं. डेव्ह अल्मर नांवाच्या गृहस्थानें याची परीक्षा पाहण्यासाठीं ऑरेगॉन प्रांतांत रानांत एक बादली ठेवून तिचे आंकडे प्रसिद्ध केले. तींत वही, पेन्सिल, गलोल, कांहीं पुस्तकें आणि घेवड्याचा एक डबाही होता. तीन दिवसांच्या आंत दोघांनीं ती शोधून काढली.

एका रात्रींत शहाणीं झालीं, असें मीं म्हटलें. पण जें एका आज्ञेनें सुधारतें तें दुसऱ्या आज्ञेनें बिघडूंही शकतें. हें लक्षांत ठेवून आपण जरा मागें जाऊं.

पृथ्वीवरची प्रत्येक जागा दोन आंकड्यांनीं सांगावी ही कल्पना आपणांस परकी नाहीं. आपले ज्योतिषी उज्जयिनीवरून जाणारी रेषा मूळ धरून देशांतर मोजीत. परंतु देशाची इंच-इंच मोजणी करून त्यावर नकाशे बांधण्याचें काम इंग्रजी अमलांत झालें, आणि तें राज्य चालविण्यासाठीं झालें, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. १० एप्रिल १८०२ रोजीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथें शंभर फुटी पोलादी सांखळीनें पहिली आधाररेषा मोजावयास आरंभ केला. त्या एका रेषेवर एक त्रिकोण, त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, असे करीत करीत ही त्रिकोणांची माळ उत्तरेकडे चढत गेली. कोन मोजावयाचें त्याचें यंत्र सुमारें अर्धा टन वजनाचें. तें लंडनहून येत असतां वाटेंत फ्रेंचांनीं जहाजासकट पकडलें आणि मॉरिशसला नेलें. पण तेथील फ्रेंच गव्हर्नरानें तें शास्त्राचें यंत्र म्हणून सन्मानानें मद्रासेस पाठवून दिलें. दोन राष्ट्रें युद्धांत गुंतलेलीं, तरी मोजणीचें यंत्र सोडून दिलें! पुढें १८०८ सालीं तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवितांना दोर तुटून तेंच यंत्र आपटलें, आणि या चिवट माणसानें तंबूंत बसून सहा आठवडे खपून तें स्वतः दुरुस्त केलें.

या लॅम्बटनची कबर आपल्या महाराष्ट्रांत आहे, हें किती जणांस ठाऊक असेल? नागपूरकडे जातां जातां २० जानेवारी १८२३ रोजीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें तो वारला. त्याचा मदतनीस एव्हरेस्ट याचें नांव जगांतील सर्वांत उंच शिखरास मिळालें; ज्यानें मूळ रेषा आंखली त्याच्या वांट्यास हिंगणघाटची माती आली. त्या शिखराच्या उंचीचा हिशेब करण्याचें बुद्धीचें काम राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञानें केलें. नांवाच्या वांटणींत न्याय शोधूं नये, तो तेथें सहसा सांपडत नाहीं.

एव्हरेस्टनें १८३० सालीं पृथ्वीच्या आकाराचें एक माप ठरविलें. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे त्या मापावर बांधलेले आहेत. उपग्रह मात्र १९८४ सालचें निराळें माप वापरतात. म्हणून आमच्या उंब्रजचा जुना नकाशा, म्हणजे '४७ के' या चौकटींतला, समोर ठेवून त्यावरचे आंकडे सरळ यंत्रांत घातले, तर आपण शंभर मीटरांच्या घरांत चुकतों. पुतण्यानें पहिल्या प्रयत्नांत हेंच केलें आणि अर्धा दिवस घाणेरीच्या जाळींत घालविला. यंत्र खोटें नव्हतें, नकाशाही खोटा नव्हता. दोघांनीं पृथ्वी निराळी कल्पिली होती.

आतां उपग्रहांकडे येऊं. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें स्पुटनिक सोडला. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत दोन तरुण संशोधकांनीं त्याचा बीप-बीप आवाज ऐकतां ऐकतां ताडलें कीं, आवाजाच्या चढउतारावरून उपग्रह कोठें आहे हें काढतां येतें. मग उलटही खरें. उपग्रह कोठें आहे हें ठाऊक असेल, तर ऐकणारा कोठें आहे हें काढतां येईल. यांतून प्रथम आरमारासाठीं 'ट्रान्झिट' ही योजना निघाली आणि पुढें जी. पी. एस. आलें, त्याचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्यें गेला. हे उपग्रह सुमारें वीस हजार दोनशें किलोमीटर उंचीवरून दिवसांतून दोनदां पृथ्वीला फेरी घालतात. प्रत्येकाजवळ अणुघड्याळ असतें, आणि तो अखंड एकच गोष्ट सांगत असतो: मी अमुक ठिकाणीं आहे आणि आतां इतके वाजले आहेत. चार उपग्रहांचे शब्द कानीं पडले म्हणजे, कोणाचा किती उशिरा पोहोंचला यावरून यंत्र आपली जागा काढतें. लॅम्बटन कोन मोजीत असे. हें यंत्र वेळ मोजतें. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जमिनीवर तीनशें मीटरांचा फरक पडतो. आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणें त्या उंचीवर घड्याळ दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढें जातें. ही वजाबाकी न केली तर एका दिवसांत दहा-अकरा किलोमीटरांची चूक सांचेल, म्हणजे उंब्रजचा मनुष्य चाफळांत असल्याचें यंत्र सांगेल.

येथें एक गैरसमज दूर करितों. उपग्रह आपणांस पाहत नाहीं. आपल्या गाडींतील यंत्र फक्त ऐकतें, बोलत नाहीं. आपण कोठें गेलों याची नोंद होते ती भ्रमणध्वनीच्या जाळ्यांतून व कंपन्यांच्या संगणकांत. ती बाब निराळी. ज्या यंत्रानें उपग्रहामार्फत निरोप पाठवितां येतो, तें विनापरवाना बाळगणें आपल्या देशांत गुन्हा आहे, हें परदेशांतून येणाऱ्या आपल्या नातलगांना अवश्य सांगावें. डोंगरांत फिरणारे लोक तसलीं यंत्रें सहज पिशवींत टाकून येतात आणि विमानतळावर अडकतात.

ही लष्कराची चीज सामान्यांच्या हातीं आली त्यामागें एक भयंकर दुर्घटना आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजीं कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दींत शिरलें, आणि रशियन लढाऊ विमानानें तें पाडलें. २६९ माणसें मेलीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनीं ही व्यवस्था तयार होतांच नागरी उपयोगास विनामूल्य खुली करण्याचें वचन दिलें.

मोटारींत नकाशा बसविण्याची हौस मात्र उपग्रहांहूनही जुनी. १९०९ सालीं अमेरिकेंत जोन्स नांवाच्या कारखानदारानें चाकांशीं जोडलेली एक तबकडी विकावयास काढली. गाडी पुढें जाईल तशी ती फिरे आणि तिच्या कडेवर छापलेल्या सूचना एकामागून एक कांट्याखालीं येत. १९८१ सालीं जपानांत होंडानें भोंवऱ्याच्या तत्त्वावर चालणारें यंत्र काढलें. त्यांत पारदर्शक नकाशे पडद्यावर सरकवावे लागत. १९८५ सालच्या 'ईटॅक' यंत्राचे नकाशे गाण्याच्या असतात तशा कॅसेटींवर होते. उपग्रह ऐकणारें यंत्र घेऊनच कारखान्यांतून बाहेर पडलेली पहिली मोटार म्हणजे १९९० सालची जपानी माझदा. आपल्या देशाच्या रस्त्यांचे संगणकीय नकाशे १९९५ पासून दिल्लीच्या एका कंपनीनें बांधावयास घेतले. आज त्याच कंपनीचे नकाशे अनेक देशी गाड्यांत असतात.

तेव्हां पुतण्यानें अधिक पैसे मोजून तसली गाडी घ्यावी कीं नाहीं? माझें मत त्यानें विचारलें आणि मीं दिलें. बसविलेल्या यंत्राचे गुण दोन. खंबाटकीच्या बोगद्यांत आकाश दिसत नाहीं, तेथें चाकांच्या फेऱ्या मोजून तें वाट सोडीत नाहीं. आणि नकाशा गाडींतच सांठविलेला असल्यानें कोयनेकडच्या दऱ्यांत, जेथें भ्रमणध्वनी मुका होतो, तेथेंही तें चालतें. दोष एकच पण मोठा: रस्ते बदलतात आणि गाडीचा नकाशा जुना होतो. हमरस्त्यावर नवा पूल झाला कीं यंत्र आपणांस खुशाल शेतांतून नेऊं पाहतें. शिवाय डबा कांहीं डांबरी रस्त्यावर नसतो. गाडी वसंतगडासाठीं तळबीडपर्यंत नेईल. पुढें हातांतलें लहान यंत्र आणि दोन पाय. त्यानें गाडी घेतलीच. तरुणांनीं मत विचारणें हाही आदराचाच प्रकार आहे, तेवढ्यावर समाधान मानावें.

मीं त्याला एकच गोष्ट सुचविली. समर्थ रामदासांनीं स्थापिलेले म्हणून प्रसिद्ध असे अकरा मारुती आमच्या या टापूंत आहेत. चाफळचे दोन, शिंगणवाडी, माजगांव, उंब्रज, मसूर, शहापूर, कृष्णेच्या पात्रांतलें बहें, बत्तीस शिराळें, आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील मनपाडळें व पारगांव. शके १५६६ ते १५७६, म्हणजे इसवी सन १६४४ ते १६५४ या दहा वर्षांतली ही स्थापना, असें परंपरा सांगते. आमच्या लहानपणीं हे अकराही मारुती पाहणें म्हणजे दोनतीन मुक्काम, आणि प्रत्येक गांवीं पारावर बसलेल्या म्हाताऱ्याकडून पुढल्या गांवची माहिती. आतां मोटारीनें कोणी एका दिवसांत उरकतात. पुतण्यानें अकराही ठिकाणांचे आंकडे स्वतः जागेवर जाऊन टिपावे आणि प्रत्येक गांवच्या एका वृद्धानें सांगितलेली हकीगत त्याखालीं लिहावी, असें मीं म्हटलें. उंब्रज १७ अंश २४ कला उत्तर, ७४ अंश ६ कला पूर्व. एक कला म्हणजे जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर. एवढ्यानें गांव सांपडेल, मठांतला मारुती सांपडावयास विकला हव्यात किंवा गांवकरी हवा. सात ठिकाणें झालीं आहेत. वही माझ्याकडे आहे, आणि तींतल्या हकीगती आंकड्यांपेक्षां वाचनीय उतरल्या आहेत.

गडांवर मात्र डबे लपवूं नयेत. खेळाच्या नियमांतच डबा पुरावयास बंदी आहे, आणि १९५८ च्या कायद्यानें संरक्षित स्मारकांत विनापरवाना खणणें हा अपराध आहे. २०२५ सालीं प्रतापगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत गेले. तेथें तटाचा एक चिरा हलवून डबा सारणें ही हौस नव्हे.

शेवटीं मघांचा प्रश्न. ही वाट कोणाच्या हातांत आहे? कारगिलच्या लढाईंत, १९९९ सालीं, आपणांस हवी ती उपग्रहमाहिती अमेरिकेनें दिली नाहीं असें वारंवार सांगितलें जातें. कारण तेंच असो वा आणखी कांहीं, इस्रोनें स्वतःची व्यवस्था उभारली. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ रोजीं, आणि तिला 'नाविक' हें नांव मिळालें. ती सर्व जगासाठीं नाहीं. भारत आणि सरहद्दीपलीकडे दीड हजार किलोमीटर एवढाच तिचा मुलूख. पण तिची वाट सोपी गेली नाहीं. परदेशांतून आणलेलीं अणुघड्याळें कांहीं उपग्रहांवर एकामागून एक बंद पडलीं. २०१७ सालीं बदली म्हणून सोडलेला उपग्रह अग्निबाणाच्या टोपणांतच अडकून राहिला. २९ मे २०२३ रोजीं गेलेल्या उपग्रहावर प्रथमच आपल्या देशांत बनविलेलें अणुघड्याळ बसविलें. त्याच्यामागून जानेवारी २०२५ मध्यें गेलेला उपग्रह ठरल्या कक्षेंत पोहोंचूं शकला नाहीं. यापुढचे उपग्रह जावयाचे आहेत. बाजारांत येणारीं बहुतेक नवीं यंत्रें तूर्त अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे असे सर्वांचेच उपग्रह ऐकतात, आणि कांहीं यंत्रें नाविकही ऐकतात. गाडी घेतेवेळीं यंत्र कोणकोणाचे उपग्रह ऐकतें हें विक्रेत्यास विचारावें. पुतण्यानें विचारलें तेव्हां त्या विक्रेत्यास दूरध्वनी करून वरिष्ठांस विचारावें लागलें.