विस्मृत वीरांचे पुनरागमन

१९४० साली अमेरिकेतील ‘ऑल स्टार कॉमिक्स’ या चित्रकथांच्या नियतकालिकात ‘जस्टिस सोसायटी’ हे अद्भुत वीरांचे मंडळ अवतरले. १९५१ साली ते लोपले. परंतु जेरी बेल्स, रॉय टॉमस यांसारख्या बालवाचकांस त्याचा विसर पडला नाही. मोठेपणी, १९६१ साली, बेल्स यांनी ‘ऑल्टर ईगो’ हे रसिकांचे पत्र काढले. जुने वीर सरस की नवे, हा वाद रसिकांत रंगला. वस्तुतः आरंभीच्या कथांत मंडळ भेटे ते प्रारंभी व अखेरीस. मधल्या प्रकरणांत प्रत्येक वीर बहुधा एकटाच झुंजे. ही उणीव स्मृतीने झाकली, हे खरे. तथापि १९६३ साली तेच मंडळ पुन्हा छापून आले, तेव्हा या वेड्या ममतेचेच सार्थक झाले, असे म्हणावयास नको काय?