घरगुती स्मृतीचें प्रामाण्य : मुंबई गोदी, १९४४

१४ एप्रिल हा अग्निशमन दलांचा स्मृतिदिन होय. १९४४ सालीं याच दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत दारूगोळा व कापूस लादलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजास आग लागली. ती विझवितांना दलाचे ६६ जवान कामीं आले. साह्यास ए. आर. पी. चे स्वयंसेवकहि धांवले. मुंबईकर असलेले आमचे मातामह त्यांपैकींच एक. ते तिसऱ्या दिवशीं परतले. पुढें त्याविषयीं कधीं बोलले नाहींत. मातामही मात्र सांगत : “घर दोनदां हादरलें, मध्यें एक घटका गेली.”

आम्ही नागपुरांत वाढलों व ही केवळ कहाणी मानीत आलों. पुढें नोंदी पाहिल्या : पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनीं, दुसरा ४ वाजून ३४ मिनिटांनीं. अंतर २८ मिनिटें; घटिका २४ मिनिटांची. स्वयंपाकघरांतील ही साक्ष दप्तराशीं इतकी जुळते!

राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आमच्याच नगरीं आहे. तरी मातामहांस आम्ही एकहि प्रश्न विचारला नाहीं. वेतनी जवानांचीं नांवें दप्तरीं राहतात, स्वयंसेवकांचीं घराघरांत विखुरतात. संग्राहकांनीं पोथ्यांबरोबर ट्रंकांतील बिल्ले, ओळखपत्रें व वृद्धांचीं कथनेंहि वेळींच टिपून घ्यावीं, ही विनंती.