विझलेल्या ज्वालामुखींची मुळे

सन १७७६ च्या एप्रिल महिन्यात फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू पेद्रो फाँट सान फ्रान्सिस्को उपसागराजवळच्या एका टेकडीवर उभे होते. समोर अफाट मैदान पसरले होते आणि त्यापलीकडे क्षितिजावर शुभ्र पर्वतरांग चमकत होती. आपल्या नकाशात त्यांनी तिला ‘सिएरा नेवादा’, म्हणजे हिमाच्छादित पर्वतरांग, असे नाव दिले. किनारा, मैदान आणि पर्वत या तिघांचे परस्परांशी नाते काय, हे उमगायला मात्र पुढे जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली.

सुमारे ६४० किलोमीटर लांबीची ही रांग मुख्यत्वे ग्रॅनाइट व त्याच्या भाऊबंद खडकांची आहे. हे अग्निज खडक होत. शिलारस भूपृष्ठावर आला की लवकर थिजतो आणि त्याचे कण बारीक राहतात. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट तसाच आहे. सिएराच्या खडकातील स्फटिक मात्र नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके मोठे आहेत. म्हणजेच तो शिलारस जमिनीखाली काही किलोमीटर खोल, अत्यंत सावकाश निवत गेला. पण एवढा शिलारस मुळात आला कोठून? गाळाने भरलेली प्रचंड भूद्रोणी खचते आणि तिच्या तळाशी खडक वितळतात, असे उत्तर दीर्घकाळ दिले जाई.

किनाऱ्यावरील खडक अगदी निराळे. १८९५ साली अँड्र्यू लॉसन यांनी सान फ्रान्सिस्को शहरावरून त्यांना ‘फ्रान्सिस्कन’ म्हटले. असिसीच्या संत फ्रान्सिसांचे नाव असे दगडांनाही लाभले. खोल सागरातील सूक्ष्म जीवांच्या सांगाड्यांचे तांबूस थर, सागरतळाचा बेसॉल्ट आणि निळसर शिस्ट यांची तेथे विलक्षण सरमिसळ आहे. हा निळसर शिस्ट घडण्यास प्रचंड दाब लागतो, पण उष्णता बेताचीच. पृथ्वीच्या पोटात खोल जाऊनही हा खडक थंड कसा राहिला, हे मोठेच कोडे होते.

१९६० च्या दशकात सागरतळ सरकतो हे स्पष्ट झाले आणि कोडे सुटू लागले. १९६९ साली वॉरन हॅमिल्टन यांनी सिएराच्या ग्रॅनाइटचा संबंध खंडाखाली शिरलेल्या पॅसिफिकच्या तळाशी जोडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विल्यम डिकिन्सन यांनी कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे भूशास्त्रज्ञांची परिषद बोलावली. पर्वतांच्या जन्मकथेचा नव्याने विचार तेथे सुरू झाला.

ही कथा थोडक्यात अशी. फॅरेलॉन नावाचा सागरी भूपट्ट उत्तर अमेरिकेखाली सरकत होता. त्याच्या पाठीवरचा गाळ व दगड खंडाच्या कडेला खरवडले गेले, काही खोल ओढले जाऊन तापण्यापूर्वीच वर आले. तेच फ्रान्सिस्कन खडक. सुमारे १०० किलोमीटर खोलीच्या आसपास भूपट्टातील खनिजांमधले पाणी सुटले. पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू उतरला, शिलारस उत्पन्न झाला आणि खंडाच्या कडेवर ज्वालामुखींची माळ उभी राहिली. ते ज्वालामुखी झिजून गेले. त्यांचा गाळ मधल्या मैदानाखालच्या थरांत साठला आणि त्यांची मुळे सिएराच्या रूपाने उघडी पडली.

याची साक्ष खडकच देतो. ग्रॅनाइटमधील काळे ठिपके पाहावेत. काळे अभ्रक आणि हॉर्नब्लेंड ही खनिजे आपल्या रचनेत पाणी बाळगतात. शिलारस जलयुक्त असल्याची ही खूण. झिरकॉनच्या सूक्ष्म कणांत युरेनियमचे शिसे होत जाते. त्या प्रमाणावरून यातील बहुतांश ग्रॅनाइटचे वय १२ ते ८.५ कोटी वर्षे ठरते.

अग्नीतून जन्मलेला प्रत्येक दगड हीच कथा सांगत नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट भूपट्ट खाली सरकल्यामुळे झालेला नाही. लडाखचा ग्रॅनाइट मात्र सिएराचा खरा आप्त. आशियाखाली गडप झालेल्या टेथिस सागराची ती आठवण आहे.

फॅरेलॉन भूपट्टाचा बहुतेक भाग आज नाहीसा झाला असला, तरी त्याचा एक अवशेष उत्तरेकडे अजून खंडाखाली शिरतो आहे. तेथील माउंट सेंट हेलेन्सचा १८ मे १९८० रोजी स्फोट झाला आणि ५७ माणसे दगावली. त्या ज्वालामुखीखाली, कोणाच्याही दृष्टीस न पडता, तसाच शिलारस आजही निवत असेल. फाँट यांनी पाहिलेली शुभ्र रांगही एके काळी अशीच अंधारात घडत होती.