कॉलेटचें नियमपत्र आणि एकशें त्रेपन्न विद्यार्थी

एखाद्या जुन्या संस्थेचा इतिहास लिहिणारास बहुधा दोन प्रकारचीं साधनें मिळतात. एक, संस्थापकाच्या हातचा लेख. आणि दुसरें, त्या लेखाभोंवतीं पिढ्यान्‌पिढ्या जमत गेलेली परंपरा. या दोहोंत विरोध आला असतां प्रथम लेख पाहावा, हें तत्त्व सनदा व महजर तपासणारांस नवें नाहीं. लंडन येथील सेंट पॉल्स स्कूल या पांचशें वर्षांहून जुन्या शाळेच्या बाबतींत असा विरोध एका लहानशा आंकड्यावरून उपस्थित होतो. आणि त्या आंकड्याचा माग काढीत गेलें म्हणजे, निवडक विद्यार्थ्यांची शाळा म्हणून तिची जी ख्याति आहे ती कशी घडत गेली, हेंही उलगडतें. प्रस्तुत लेखांत तेवढाच प्रश्न घेतला आहे.

शाळेचा संस्थापक जॉन कॉलेट हा सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तेथील धर्माधिकाऱ्यांचा प्रमुख होता. त्याचा बाप सर हेन्री कॉलेट हा लंडनचा श्रीमंत कापडव्यापारी असून दोनदां त्या शहराचा लॉर्ड मेयर झाला होता. एरास्मसच्या लेखावरून असें दिसतें कीं, या कुटुंबांत बावीस मुलें जन्मलीं आणि त्यांत एकटा जॉन जगला. यामुळें पित्याची सर्व मालमत्ता त्याजकडे आली. ती त्यानें इ. स. १५०९ पासून कॅथीड्रलच्या आवारालगत शाळा बांधून तिच्या खर्चास लावून दिली. त्यापूर्वीं कॅथीड्रलची जुनी शाळा होतीच. म्हणून कॉलेटास संस्थापक न म्हणतां पुनःसंस्थापक म्हणावें, असें मत ए. एफ. लीच या संशोधकानें १९१० च्या सुमारास हिरिरीनें मांडलें. जुन्या शाळेचें अस्तित्व नाकारतां येत नाहीं. तथापि नवी इमारत, नवें उत्पन्न, नवे विश्वस्त व नवे नियम या चारही गोष्टी कॉलेटच्याच असल्यामुळें आजच्या शाळेचा आरंभ त्याच्यापासून धरणें गैर होणार नाहीं.

यांपैकीं विश्वस्तांची योजना विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. स्वतः धर्माधिकारी असून कॉलेटनें शाळेचा कारभार धर्मपीठाच्या हातीं दिला नाहीं. तो आपल्या बापाच्या धंद्याची जी मर्सर नांवाची व्यापारी श्रेणी तिच्याकडे सोंपविला. मनुष्यमात्राच्या व्यवहारांत निश्चित असें कांहींच नसलें तरी संसारी नागरिकांत आपणांस सर्वांत कमी भ्रष्टता आढळली, असें कारण तो सांगे, असें एरास्मसनें १५२१ मध्यें जोडोकस जोनास यास लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत नमूद केलें आहे. मर्सर मंडळीचा या शाळेशीं असलेला संबंध आजतागाईत तुटलेला नाहीं.

कॉलेटनें शाळेसाठीं केलेलें नियमपत्र हें या इतिहासाचें मुख्य साधन होय. शाळेचा पहिला मुख्य गुरु विल्यम लिली याच्या हातीं तें आपण १८ जून १५१८ रोजीं दिलें, आणि त्यानें तें शाळेंत जतन करावें व पाळावें, अशी नोंद कॉलेटनें केली आहे. पुढें सव्वा वर्षानें, १६ सप्टेंबर १५१९ रोजीं, तो वारला. म्हणजे हें नियमपत्र त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या काळांतलें, अनुभवानें तावून सुलाखून निघालेलें आहे.

त्यांतील विद्यार्थ्यांविषयींचें कलम असें कीं, या शाळेंत सर्व राष्ट्रांच्या व देशांच्या मुलांस भेदभाव न करितां शिकवावें आणि त्यांची संख्या १५३ असावी. हाच तो आंकडा. परंपरा अशी कीं, योहानाच्या शुभवर्तमानांत शिष्यांच्या जाळ्यांत १५३ मासे सांपडल्याची कथा आहे, तिच्यावरून कॉलेटनें ही संख्या घेतली. शाळेच्या निवडक शिष्यवृत्तीधारकांनीं रुप्याचा मासा धारण करण्याची चालही या समजुतीस धरूनच आहे. परंतु नियमपत्र उघडून पाहिलें तर त्यांत माशांचें नांवही नाहीं. तेथें दिलेलें कारण एवढेंच कीं, शाळेंतील बैठका तितक्या आहेत. कॉलेटसारख्या बायबलाच्या गाढ्या अभ्यासकास हा आंकडा कोठला हें ठाऊक नसेल असें नव्हे. किंबहुना बैठकाच त्या हिशोबानें मांडविल्या असणें अगदीं संभवनीय आहे. पण तें अनुमान होय. लेखाचा पुरावा बैठकांचा आहे, माशांचा नाहीं. एवढा विवेक केला म्हणजे परंपरेचा अवमान होत नाहीं आणि लेखाचाही मान राहतो.

या कलमांत औदार्य आहे, पण त्याच्या शेजारचें कलम तितकेंच कडक आहे. मुलास धर्माचीं मूलतत्त्वें इंग्रजींत किंवा लॅटिनांत येतात कीं नाहीं, आणि त्यास लिहितां वाचतां बऱ्यापैकीं येतें कीं नाहीं, हें मुख्य गुरूनें प्रथम पाहावें. तें येत नसल्यास त्याला कोणत्याही सबबीवर घेऊं नये. एरास्मसही वरील पत्रांत सांगतो कीं, येईल त्यास सरसकट प्रवेश मिळत नाहीं. मुलांचा स्वभाव व बुद्धि पाहून निवड केली जाते. म्हणजे जन्म, देश किंवा बापाची ऐपत यांची आडकाठी नाहीं, परंतु तयारीची आहे. शिक्षणास शुल्क नव्हतें. प्रवेशाच्या वेळीं नांव लिहिण्याबद्दल एकदांच चार पेन्स द्यावयाचे, आणि तेही शाळा झाडणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास मिळावयाचे. शाळा झाडणारा गरीब विद्यार्थी नियमपत्रांतच गृहीत धरला आहे, ही गोष्ट बोलकी आहे. तथापि ज्या मुलास घरीं अक्षरओळख करून देणारें कोणी नाहीं, त्याला या मोफत शाळेचा उंबरठा ओलांडतां येत नसे, हेंही तितकेंच खरें.

आंत गेलेल्या मुलाचा दिवसही नियमपत्रानें बांधून टाकिला होता. सकाळीं सातपासून अकरापर्यंत आणि दुपारीं एकपासून पांचपर्यंत शाळा भरे. चरबीची मेणबत्ती वर्ज्य. मेणाचीच आणावी व तीही घरच्या खर्चानें. कोंबड्यांच्या झुंजी बंद. मुख्य गुरूनें आपल्या मर्जीनें सुटी दिल्यास त्यास चाळीस शिलिंग दंड. राजा, आर्चबिशप किंवा बिशप यांनीं शाळेंत समक्ष येऊन मागणी केली तर मात्र अपवाद. गुरु विवाहित असला तरी चालेल, पण त्यास शुद्ध लॅटिन आलें पाहिजे. आणि मिळत असेल तर ग्रीकही. एरास्मसच्या वर्णनाप्रमाणें प्रत्येक वर्गांत सोळा मुलें असून जो वर्गांत पहिला येई त्याचें आसन इतरांहून किंचित्‌ उंच असे. निवडीचें तत्त्व दरवाजापाशीं संपत नसून आंतही चालू होतें, हें या एका आसनावरून दिसतें.

नांव लिहिण्याबद्दल चार पेन्स घेत असत, त्या अर्थीं नांवांची वहीही असली पाहिजे. दुर्दैवानें आज शाळेची प्रवेशवही उपलब्ध आहे ती १७४८ पासूनची. १६६६ च्या लंडनच्या महाअग्नींत शाळा जळून खाक झाली. त्या वेळचा मुख्य गुरु सॅम्युएल क्रॉमलहोम हा ग्रंथसंग्रहाचा मोठा शोकी होता. त्याचा मोलाचा खासगी संग्रहही त्याच आगींत नष्ट झाला. हस्तलिखितांच्या मागें फिरणारांस या हानीची कल्पना शब्दांनीं करून देण्याची गरज नाहीं. १७४८ पासून १८७६ पर्यंतची वही गार्डिनर यांनीं १८८४ मध्यें छापली. त्याआधींच्या विद्यार्थ्यांचीं नांवें इतर साधनांतून वेंचून सर मायकेल मॅकडॉनेल यांनीं तयार केलेली यादी १९७७ मध्यें प्रसिद्ध झाली. जीं नांवें निश्चित आहेत त्यांवरून विद्यार्थीवर्गाचा अंदाज येतो. कवि मिल्टन याचा बाप दस्तऐवज लिहून देणारा, रोजनिशीकार पेपिस याचा बाप शिंपी, आणि ज्योतिर्विद हॅली याचा बाप साबणाचा व्यापारी होता. सरदारांचे पुत्र नव्हेत, तसे अगदीं निराधारही नव्हेत. घरीं लेखणी व हिशोब यांची ओळख असलेला शहरी मध्यम वर्गच मुख्यतः या बैठकांवर बसला.

पुढें मात्र निवड करणारा हात बदलला. नियमपत्रानें मुलाची परीक्षा मुख्य गुरूकडे दिली होती. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रवेश मर्सर मंडळीच्या सभासदांच्या शिफारशीनें मिळूं लागला होता. शाळा मोफतच राहिली, पण मोफत जागा ही वशिल्याची वस्तु झाली. ज्या संसारी नागरिकांच्या सचोटीवर कॉलेटनें भरंवसा ठेविला, त्यांनीं पैशाची अफरातफर न करितांही, केवळ शिफारशीच्या हक्कानें, त्याच्या कलमाचा अर्थ पालटला. १८६१ मध्यें नेमलेल्या क्लॅरेंडन कमिशननें ज्या नऊ शाळांची चौकशी केली त्यांत ही एक होती. त्यानंतर चॅरिटी कमिशनरांच्या योजनेनें १८७० नंतरच्या दशकांत शिफारस जाऊन स्पर्धापरीक्षा आली. १५३ ही संख्या परीक्षेनें निवडलेल्या शिष्यवृत्तीधारकांपुरती राहिली, आणि त्यांच्या जोडीला शुल्क देणारे विद्यार्थी घेतले जाऊं लागले. १८७७ मध्यें मँचेस्टरहून आलेला मुख्य गुरु एफ. डब्ल्यू. वॉकर यानें शाळेची संख्या दुपटीहून अधिक वाढविली आणि ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या शिष्यवृत्त्या मिळविण्यांत तिचा दरारा बसविला. १८८४ मध्यें शाळा कॅथीड्रलची सावली सोडून पश्चिम लंडनमधील हॅमरस्मिथ भागांत नव्या इमारतींत गेली. १९०४ मध्यें त्याच देणगींतून मुलींसाठीं स्वतंत्र शाळा निघाली.

नव्या इमारतीच्या या पहिल्याच वर्षीं, सप्टेंबर १८८४ मध्यें, तेथें दाखल झालेल्या मुलांत अरविंद घोष हे होते. त्यांचे बंधु मनमोहन हेही याच शाळेचे विद्यार्थी. येथील ग्रीक व लॅटिनच्या बळावर अरविंदांनीं केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजची शिष्यवृत्ति मिळविली. आणि १८९३ मध्यें ते सयाजीराव महाराजांच्या सेवेंत बडोद्यास आले, तेथें ते १९०६ पर्यंत होते. मराठी राज्याच्या कचेरींत व कॉलेजांत वावरलेल्या या पंडिताचा पाया कॉलेटच्या शाळेंत घातला गेला होता. सर्व राष्ट्रें व देश, असें लिहितांना कॉलेटच्या मनांत फार तर युरोपांतील देश असतील. पण अक्षरें त्याच्या कल्पनेपलीकडे टिकलीं आणि पौणेचारशें वर्षांनीं एका हिंदी मुलासही लागू पडलीं.

१९६८ मध्यें शाळा टेम्सच्या दक्षिण तीरीं बार्न्स येथें गेली. आज ती शुल्क घेणारी शाळा आहे. गरज पाहून शुल्कांत सूट मिळते, परंतु सर्वांस मोफत शिक्षण हा मूळ नियम राहिलेला नाहीं. यावरून कॉलेटच्या आज्ञेचा भंग झाला असें म्हणावें काय? नियमपत्राच्या शेवटीं त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे कीं, काळानुरूप जें वाढवावें वा कमी करावें लागेल तें मर्सर मंडळीनें विद्वान्‌ व सुशिक्षित लोकांचा सल्ला घेऊन करावें. तेव्हां अक्षरशः पाहतां फेरफार करण्याचा अधिकार त्यांस होता. परंतु त्यानें दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या: कोणाच्याही मुलास दार खुलें, आणि आंत येणारास योग्यतेची कसोटी. वशिल्याच्या काळांत कसोटी सुटली. परीक्षेच्या काळांत ती परत आली, पण दारापाशीं शुल्क उभें राहिलें. मूळ १५३ बैठका आगींत गेल्या, आंकडा मात्र शिष्यवृत्त्यांच्या रूपानें राहिला. त्या आंकड्याचा अर्थ ठरविण्यास माशाच्या कथेपेक्षां त्याच्या मागचे शब्द, म्हणजे भेदभाव न करितां, हेच अधिक उपयोगी आहेत असें प्रस्तुत लेखकास वाटतें.