पाणी आत पोचेल का?

आज आपण अमेरिकेतल्या एका अणुभट्टीची गोष्ट ऐकू. ही भट्टी वीज करायला नव्हे, मुद्दाम बिघडवून पाहायला बांधली होती.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. चुलीतलं जळतं लाकूड ओढून घेतलं तरी निखारे धगधगत राहतात. अणुभट्टीचंही तसंच. ती बंद केल्या क्षणीही पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता आत तयार होत असते आणि ती हळूहळूच उतरते. म्हणून इंधनाभोवती पाणी सतत खेळतं ठेवावं लागतं. पाण्याचा मोठा पाइप फुटला तर इंधन वितळू शकतं. त्यासाठी बाहेरून पाणी आत ढकलणारी आणीबाणीची सोय केलेली असते. पण ते पाणी खरंच इंधनापर्यंत पोचतं का?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगानं आयडाहो राज्यातल्या ओसाड माळावर एक चाचणी-भट्टी योजली. नाव ‘लॉफ्ट’, ताकद ५० मेगावॅट उष्णतेची, म्हणजे वीजकेंद्राच्या मानानं लहान. पहिला बेत असा होता, की पाइप फोडायचा, इंधन वितळू द्यायचं आणि बाहेरचं मजबूत कवच टिकतं का ते पाहायचं. पण तोवर वीजकेंद्रांच्या भट्ट्या फार मोठ्या होऊ लागल्या. त्यांचं इंधन वितळलं तर कवच टिकेलच, ही खात्री तज्ज्ञांना राहिली नाही. मग १९६७ च्या सुमारास बेत बदलला. इंधन वितळूच नये, म्हणून आता आणीबाणीचं पाणी तपासायचं ठरलं. आराखडे बदलले, वर्षं गेली.

वीजकेंद्रं मात्र थांबली नव्हती. आपलं तारापूरही अमेरिकन कंपनीनं बांधलं आणि १९६९ मध्ये सुरू झालं. तिथल्या भट्ट्या वेगळ्या जातीच्या; पण पाणी गेलं तर काय, हा प्रश्न त्यांनाही होताच. लॉफ्टची चाचणी तेव्हा व्हायचीच होती.

१९७०-७१ मध्ये आयडाहोतच विजेवर तापवलेल्या एका छोट्या नमुन्यावर प्रयोग झाले. आत सोडलेलं पाणी मधल्या भागापर्यंत न पोचता फुटक्या जागेतूनच बाहेर गेलं. नमुना फार लहान आहे, खऱ्या भट्टीत असं होणार नाही, असं सांगण्यात आलं. पण वैज्ञानिकांची एक संघटना आणि नागरिकांचे गट गप्प बसले नाहीत. १९७२ मध्ये जाहीर सुनावणी सुरू झाली. आयोगाच्या स्वतःच्या काही शास्त्रज्ञांनीही तिथे शंका बोलून दाखवल्या. सुनावणीचं दप्तर २२,००० पानांच्या वर गेलं आणि १९७३ च्या अखेरीस नवे नियम ठरले.

लॉफ्टमध्ये अणुइंधनासह पहिली चाचणी झाली ती डिसेंबर १९७८ मध्ये. पाणी पोचलं. इंधन भीती होती तितकं तापलं नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल.

चार महिनेही झाले नाहीत, तोच २८ मार्च १९७९ ला पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड केंद्रात अपघात झाला. मोठा पाइप फुटलाच नव्हता. एक व्हॉल्व्ह उघडा अडकला आणि त्यातून पाणी जात राहिलं. आणीबाणीचं पाणी आपोआप सुरू झालं होतं. पण काटे पाहून कामगारांना वाटलं, आत पाणी जास्तच झालंय. त्यांनी ते कमी केलं. जवळजवळ निम्मं इंधन वितळलं. कवच टिकलं, म्हणून मोठा अनर्थ टळला.

त्यानंतर लॉफ्टमध्ये लहान गळतीच्या चाचण्या पुढे घेतल्या गेल्या. १९८५ पर्यंत तिथे काम चाललं.

आम्हाला यातून दोन गोष्टी दिसतात. चाचणीला उशीर झाला, तरी बांधकाम तिच्यासाठी थांबलं नाही. आणि साऱ्यांचं लक्ष मोठ्या फुटीकडे असताना घात केला तो लहान बिघाडानं, काटे वाचणाऱ्या माणसाच्या गोंधळानं.

मैत्रिणींनो, गावाजवळ कारखाना येवो, धरण होवो की नळपाणी योजना, ग्रामसभेत ‘सगळं सुरक्षित आहे’ असं सांगतात. तेव्हा गटानं उठून तीन प्रश्न विचारावेत. हे प्रत्यक्ष चालवून पाहिलंय की फक्त हिशोब केलाय? लहान बिघाड धरलाय का? आणि रात्री ड्यूटीवर असणाऱ्याला नेमकं काय करायचं ते शिकवलंय का? उत्तर मिळेल ते इतिवृत्तात लिहून घ्या.