रेमो फर्नांडिस आणि ‘गोअन क्रेझी’ : घरात तयार झालेला अल्बम

‘बॉम्बे’ (1995) चित्रपटातील ‘हम्मा हम्मा’ हे गाणे आपल्या आदिलाबादमध्ये लग्नाच्या वरातीत आजही वाजते. त्या गाण्यातील रेमो फर्नांडिस यांचा आवाज बहुतेकांच्या ओळखीचा आहे. मात्र त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम त्याच्या अकरा वर्षे आधीचे आहे. ते त्यांनी शिवोलीतील आपल्या घरी, एकट्याने केले.

बँड ते एकल अल्बम

रेमो यांचा जन्म 1953 साली गोव्यात झाला. वास्तुकलेच्या शिक्षणासाठी ते मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात गेले आणि तेथे ‘द सॅव्हेजेस’ या रॉक बँडमध्ये वाजवू लागले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते युरोपात भटकले आणि नंतर गावी परतले. मुंबईच्या कंपन्यांनी त्यांची स्वतःची इंग्रजी गाणी घेतली नाहीत. तेव्हा 1984 साली त्यांनी ‘गोअन क्रेझी’ स्वतःच काढला. शब्द, चाली, सर्व वाद्ये, सर्व आवाज, ध्वनिमुद्रण आणि मुखपृष्ठ सगळे त्यांचेच होते. पिवळ्या स्कूटरवरून गावोगावी फिरून त्यांनी कॅसेटी दुकानांत पोहोचवल्या.

चार पट्ट्यांचे गणित

ध्वनिमुद्रण चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर झाले. साध्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्ट्या असतात, दोन एका बाजूच्या व दोन दुसऱ्या बाजूच्या. हे यंत्र त्या चारही एकाच दिशेने वापरते. त्यामुळे एका पट्टीवर गिटार, दुसरीवर ताल, तिसरीवर बासरी आणि चौथीवर गळा असे एकच माणूस पाळीपाळीने भरू शकतो. चारहून अधिक थर हवे असतील तर आधीचे तीन एकत्र करून चौथ्या पट्टीवर उतरवायचे आणि त्या तीन मोकळ्या करायच्या. एकदा असे केले की त्यातले गिटार वेगळे कमी-जास्त करता येत नाही, आणि दर वेळी फितीची खरखर वाढते. म्हणून गाणे आधी डोक्यात पूर्ण बसलेले असावे लागते.

गाण्यांचा विषय

रेमो यांनी इंग्रजीत लिहिले, पण लंडन-न्यूयॉर्कची नक्कल केली नाही. गोव्याची माणसे, तिथल्या सवयी आणि राजकारण यांवर त्यांनी थट्टेच्या सुरात लिहिले. लगेच 1985 साली ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये त्यांनी गोव्याची जुनी लोकगीते घेतली. त्या काळात गोव्यात राजभाषेचा वाद पेटलेला होता. 1987 साली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली. ‘पॅक दॅट स्मॅक’ (1986) या अल्बमचे नावच अमली पदार्थांविरुद्ध आहे. 2007 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्यासाठी

आपण पैनगंगेच्या अलीकडचे मराठी. 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा आपला जिल्हा तेलुगू राज्यात आला. घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि बाजारात हिंदी, अशी आपल्या मुलांची भाषा आहे. ती शुद्ध नाही म्हणून आपण त्यांना गप्प करतो, आणि मग मुले गाणे लिहायचेच सोडतात. रेमो यांनी गावाच्या बोलीतला इंग्रजीचा ढंग लपवला नाही, म्हणूनच त्यांचे गाणे वेगळे ओळखू आले. आज चार काय, चाळीस ट्रॅक मोबाईलवर मिळतात. पहिले गाणे आपल्या गल्लीवर लिहा, एवढेच आम्ही मुलांना सांगू. घरच्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.